कोनाड्यातलं चर्च

नागपूरहून दीक्षा घेऊन परतलेली पोरं नदीत सोडायला घराघरातले देव गोळा करत होती. नत्थूच्या कोनाड्यात एकच तसबीर होती, मिशनच्या मडमेनं त्याच्या बायकोला, जयवंताला, दिलेली. देव समजून ती रोज पुजायची. जयवंता वारून महिना झाला होता.

कॉलेजात शिकणाऱ्या भैयाजीनं तसबिरीखालचं इंग्रजी वाचलं आणि तो हसला. "काकाजी, हा देव नाई. पयल्या पयल्या किरिस्तावांचं चर्च हाय, शंभर वर्सांआधी कोण्या सायबानं पेन्सिलीनं काढलेलं. राहू द्या घरी. फक्त काचेवरचं कुंकू पुसून टाका."

नत्थूनं मागचे खिळे काढून चर्च त्याच्या हाती दिलं, आणि जयवंताच्या बोटाचं कुंकू लागलेली काच तेवढी परत कोनाड्यात ठेवली.