बॅटरीनं खाल्लेलं पत्र

"दुरुस्त होते का नाही, तेवढंच सांग," शामराव म्हणाले.

दुरुस्तीच्या दुकानात हेरंबनं बोर्ड उजेडात धरला. सत्तावीस वर्षं माळ्यावर पडलेल्या त्या कॉम्प्युटरमधली बॅटरी फुटली होती. तिच्या पाण्याचा हिरवा थर बोर्डावर चढला होता आणि तांब्याच्या रेघा पार खाल्ल्या गेल्या होत्या. डिस्क इतकी जुनी, की दुसऱ्या कुठल्या मशीनवर ती चालत नव्हती.

"पोरगी घर सोडून गेली तेव्हा यातच पत्र लिहून गेली," शामराव म्हणाले. "तिची आई आता खाटेवर आहे. शुभांगी, शुभांगी. दुसरं बोलतच नाही."

"मग इतके दिवस काऊन ठेवलं, काका?"

"रागात बंद केलं होतं. ते बंदच राह्यलं."

आदिलाबादेत असल्या भंगाराला कुणी हात लावत नव्हतं. पण हेरंबला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. त्यानं व्हिनेगरनं बोर्ड घासला, केसाएवढ्या तारांनी तुटलेल्या रेघा जोडल्या. शामराव रोज सकाळी बेला गावाहून बसनं येत, स्टुलावर बसत, आणि हेरंबनं नकारार्थी मान हलवली की उठून जात. त्यांचं ते पाठमोरं जाणं त्याला बघवत नसे.

अठराव्या दिवशी संध्याकाळी स्क्रीन उजळली. दुकानात तो एकटाच होता. पत्र इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत होतं.

'आई, तू माझी वैरीण आहेस. तू मेलीस तरी मी रडणार नाही.'

चार ओळी वाचून तो थांबला. पुढं वाचायची हिंमत झाली नाही. मरणाच्या दारात असलेल्या बाईला हे वाचून दाखवायचं? त्यानं सगळी डिस्क पुसली. एकदा नाही, तीनदा. कुणा जाणकारालाही काही सापडू नये म्हणून.

सकाळी शामराव आले. हेरंब नजर चुकवत म्हणाला, "काका, बॅटरीनं सगळं खाल्लं. एक अक्षर राह्यलं नाही. पण पोरीनं चांगलंच लिहिलं असंल. काकूले तसंच सांगा."

 आज शामराव स्टुलावरून उठले नाहीत.

"काय लिहिलं ते आमाले पाठ आहे रे," ते म्हणाले. "दोघांनी तेव्हाच वाचलं होतं. खाली तिनं मार्कशीटा पाठवायले पत्ता दिला होता. रागात तो ध्यानी ठेवला नाही. तेवढाच पाह्यजे होता."