कणभर क्रोमियम

"नेत्रावती, हुमनाबाद!"

नर्सनं दारातून हाक मारली. बाकावर बसलेल्या शिवगंगानं मान वर केली. एका नावाच्या चार बायका असतात, असं तिला वाटलं. पण पुढच्या रांगेतून पदर सावरत उठली ती हुमनाबादला दिलेली तिची सख्खी धाकटी बहीणच होती.

नर्सनं कानडीत विचारलं, "गोळ्या, इन्सुलिन, सगळं चालू आहे ना?"

"एक दिवस चुकवलं नाही," नेत्रावती कानडीतच म्हणाली.

शिवगंगाच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली होती. म्हणून सुनेनं तिला निंबर्ग्याहून बळंच कलबुर्गीला, या शुगरच्या डॉक्टरकडं आणलं होतं. सून रिपोर्ट आणायला खाली गेली होती.

ह्याच नेत्रावतीनं उन्हाळ्यात विकायला आणलेल्या क्रोमियमच्या गोळ्यांचा डबा तिच्या हातात ठेवला होता. "शरीराला कणभरच लागतंय हे, अक्का. तेवढं न्हाई म्हणून शुगर वाढती. डॉक्टरच्या गोळ्या सोड, किडन्या खात्यात त्या. मी बी सोडल्या." गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून, शपथेवर बोलली होती. शिवगंगानं सोडल्या. शेजारच्या चांगुणाबाईलाही सोडायला लावल्या.

नेत्रावती वळली आणि जागीच थबकली.

"अक्का! तू हितं कामून?"

शिवगंगानं साडीचा काठ जरा वर केला. पट्टी बघून नेत्रावती खालीच बसली. पायाला हात लावायला गेली, तसा शिवगंगानं पाय आत ओढून घेतला.

"तू तर सोडल्या म्हणालीस."

"कंपनीवाले तसंच सांगा म्हणत्यात, अक्का. तुझी शुगर थोडीच हाय, तुला काय व्हायलंय, असं वाटलं मला."

"लिंगावर हात ठेवून सांग, असं बी कंपनीच म्हणाली व्हय?"

नेत्रावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आतून नर्सनं पुन्हा हाक मारली. उठता उठता ती अक्काच्या कानाशी वाकली. "गल्लीत कुणाला सांगू नको गं. तुझ्या पाया पडते."

दार लागलं.

शिवगंगानं पिशवीतून फोन काढला. "चांगुणाबाई, त्या डब्यातल्या गोळ्यांवर राहू नका. आजच डॉक्टरकडं जा, पहिलं औषध परत चालू करून घ्या. व्हय, मीच सांगितलं व्हतं. माझंच चुकलं." फोन बंद करून तिनं पिशवीत टाकला.

शेजारच्या म्हातारीला राहवलं नाही. "रडत गेल्या की त्या बाई. कोण लागत्यात तुमच्या?"

शिवगंगानं बंद दाराकडं पाहिलं.

"कोन न्हाई," ती म्हणाली. "आमच्या गल्लीत गोळ्या विकायला येती."