न लिहिलेली थाप

"वहिनी, चला ना, बाहेर जाऊ," दीर पुन्हा कुजबुजला. "या सिनेमात काही राम नाही."

राम नव्हताच. पडद्यावर एकापेक्षा एक नावाजलेले नट आणि सगळ्यांच्या तोंडी पोकळ वाक्यं. खलनायक जग बुडवायला निघाला होता. का, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. दिराने आठवडाभर पेपरातली परीक्षणं काढून हेच तर वाचून दाखवलं होतं. कलाकार तगडे, लिखाण भिकार, पैसे पाण्यात.

पण तिला कथेशी काय देणंघेणं? ती नवऱ्याला बघायला आली होती. चेहरा त्या बड्या नायकाचा, पण उड्या सगळ्या तिच्या नवऱ्याच्या. निळ्या पोशाखातली ती पाठ, तो किंचित उतरलेला डावा खांदा, हजारांत ओळखला असता तिने.

शेवटची उडी त्याच्या जिवावर बेतली. कामाची रीत साधी होती. वरून त्याने मांडीवर दोनदा थाप मारायची, दोर धरणाऱ्याने ती बघून खाली दोर ताणून धरायचा, मगच उडी. दोर धरायला सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे हाच दीर. "दादाने थाप दिलीच नाही, वहिनी! घाई केली!" ऊर बडवून रडला होता तो. कंपनीनेही तेच धरून हात झटकले. लोक म्हणाले, अति तिथे माती. आणि ती? ती वर्षभर मेलेल्या नवऱ्याशी भांडत होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. एवढी कसली मेली घाई होती तुम्हाला? निदान पोरीचा तरी विचार करायचा! रागारागाने त्याचा फोटोसुद्धा तिने कपाटात पालथा घालून ठेवला होता.

नायक मनोऱ्याच्या टोकावर चढला. पाठमोरा. डावा खांदा उतरलेला. मनोरा तोच, शेवटचा.

दिराने तिचं मनगट घट्ट धरलं. "बघू नका. उठा वहिनी, पाया पडतो तुमच्या."

ती उठली नाही. निळा पोशाख वाऱ्यावर फडफडला. मग उजवा हात खाली आला आणि मांडीवर सावकाश थाप पडली. पुन्हा एकदा पडली. तो थांबला. चांगला थांबला. मग झेपावला.

पुढच्याच दृश्यात नायक जमिनीवर उभा, अंगावर साधा ओरखडा नाही! थिएटरात हशा पिकला. मागच्या रांगेतला कुणी मित्राला म्हणाला, "अरे, तिकडे जग बुडतंय आणि हा मांडी काय थोपटतोय? लिहिणाऱ्याने अक्कल गहाण ठेवली होती की काय!"

ती मागे वळली. डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज जराही कापला नाही.

"ते कुणी लिहिलेलं नाही, बाबा. खाली दोर धरणाऱ्याला ते सांगताहेत, मी तयार आहे म्हणून."

तिच्या मनगटावरचा दिराचा हात सुटला.