लाडाचं नाव

व्हेंटिलेटर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, लिहिताना नवऱ्याने फोल्डरला बायकोचं लाडाचं नाव दिलं होतं, झिपरी. तो अचानक गेला आणि त्याचं अर्धवट काम त्याच कंपनीत असलेल्या तिच्याकडे आलं. कोड कंपाइल करताना पडद्यावर फाइलींच्या पत्त्यांच्या हजारो ओळी धावायच्या आणि फोल्डरच्या नावामुळे ओळीओळीत झिपरी असायची. तशी हाक मारणारं कुणीच उरलं नव्हतं. “ताई, या गर्दीत खरी चूक सापडत नाही. मशीन चाचणीत पुन्हा बंद पडलं. ओळी लपवू का?” सहकारी अवघडून म्हणाला. “थांब, मीच लपवते.” तिने जड मनाने सेटिंग बदललं. पडदा गप्प झाला आणि एकच वॉर्निंग उरली. तीच चूक दुरुस्त केल्यावर मशीन नीट चाललं. जिन्यातून तिने सासूबाईंना फोन लावला. “आई, तुम्हाला तो लाडात काय म्हणायचा?” “हवालदार!” त्या हसल्या, मग हळूच म्हणाल्या, “तशी एकदा हाक मार ना गं.”