आपल्या बोलीची बाई

"पुनम, तू खिडकीशी बस," कमलबाई म्हणाल्या आणि दिपमालाचं डोकं तिथेच सणकलं.

थोरली सून ती. गाडी लागते ती तिला. हे काय सासूबाईंना ठाऊक नव्हतं? पण नाही, धाकटीला वारा लागला पाहिजे, समुद्र आधी धाकटीला दिसला पाहिजे. दिपमाला मध्ये बसली, मांडीवर कळण्याच्या भाकरीचा डबा घेऊन.

ऐन थंडीचे दिवस. अख्खं चोपडं भरिताच्या पार्ट्या झोडत होतं आणि हे चौघं दमणला निघाले होते: कमलबाई, त्यांचा मोठा मुलगा योगेंद्र, त्याची बायको दिपमाला आणि धाकटी सून पुनम. पुनमचा नवरा ज्ञानेश्वर दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून कमलबाईंचा सगळा जीव पुनममध्ये. दिपमालाही रडली होती तेव्हा, खोटं कशाला बोला. पण दुःखालाही काही हद्द असते की नाही? रडून झालं की माणसाने भांडी घासायला घ्यावीत.

आणि आता तर कहरच झाला होता. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तिच्या कानावर पडलं. सासूबाई योगेंद्रला सांगत होत्या, "पुनमचं तिकडेच पक्कं करून टाकू. दिपमालाला बोलू नको हं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

काय पक्कं करायचं, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता. वरचा मजला! नवाकोरा, गच्चीसकट. लग्न झाल्यापासून दिपमाला स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत राहत होती. वर कुठला पडदा कुठे लावायचा, तेसुद्धा तिने मनात ठरवून ठेवलं होतं. आणि तो मजला आता कालच्या पोरीच्या नावावर? तेही थोरलीला अंधारात ठेवून?

तिने नवऱ्याला खोदून विचारलं. "चल, बॅग भर," एवढंच तो म्हणाला.

दमणला दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाईंनी पिशवीतून नवी मोरपंखी साडी काढली. स्वतःच्या हाताने पुनमला नेसवली, निऱ्यासुद्धा त्यांनीच नीट केल्या.

"आणि मला काय?" दिपमालाने हसत विचारलं. हसू कुठलं, दात दाखवले नुसते.

"तुला दिवाळीला घेतली ना गं."

सासूबाई बाहेर गेल्यावर पुनम हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच नेसा ना ही. मला कुठे मिरवायचंय?"

"नको बाई. तुलाच शोभते."

समुद्राच्या कडेने लांबलचक फरसबंदी रस्ता होता, जागोजागी बाकं. "माझे पाय दुखतात," म्हणून दिपमाला एका बाकाशी थांबली. बाकीचे तिघं खाली वाळूत उतरले. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. सासूबाईंनी पुनमचा हात धरला होता. लहान पोरीचा धरावा तसा! 

बाकाच्या दुसऱ्या टोकाला शाल पांघरलेली एक बाई मोबाईलवर बोलत होती. "हा हा, बठ्ठं बरं शे."

'सगळं बरं आहे', तेही आपल्या बोलीत! दिपमालाने कान टवकारले. कालपासून नुसतं गुजराती नि हिंदी ऐकून कान किटले होते.

"तुम्ही खान्देशना का वं?"

"हा माय. शिरपूरनी शे मी, कुंदाबाई. आनि तू?"

"चोपडानी!"

"बठ मंग आठे," म्हणत कुंदाबाईंनी शेजारी जागा करून दिली.

परमुलखात आपल्या बोलीचं माणूस भेटलं की माहेर भेटतं. थंडीच्या, कापसाच्या भावाच्या चार गोष्टी झाल्या. मग कुंदाबाईंनी वाळूकडे बोट केलं. "ती मोरपंखी साडीवाली कोन शे?"

"जाऊ शे मनी. धाकली."

"देखाले बरी शे."

झालं. एवढंच निमित्त पुरलं. रूपाला काय चाटायचंय, इथून दिपमालाने सुरुवात केली ती थांबेचना. घरात काडी इकडची तिकडे करत नाही. तोंडावर गोड, मागून विष. पायगुण असा, की नवऱ्याला खाऊन बसली. कुंदाबाई नुसतं "हं" म्हणत होत्या, "असं का?" म्हणत होत्या. एकदा तरी त्यांनी हळहळावं, असं दिपमालाला फार वाटत होतं.

"आनि तिले फिट येस," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आम्ही बाहेर सांगत नही."

पुनमला उभ्या जन्मात कधी फिट आली नव्हती. बोलून गेल्यावर दिपमाला स्वतःच दचकली. पण जाऊ दे, ही बाई कोण कुठली, पुन्हा थोडीच भेटणार आहे!

कुंदाबाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "बरं करं माय, सांगं ते." आणि शाल सावरत त्या निघून गेल्या.

दिपमालाला एकदम हलकं वाटलं. जेवताना तिने पुनमला आग्रहाने वाढलंसुद्धा.

दुपारी ती खोलीत आली तेव्हा पुनम भिंतीकडे तोंड करून झोपली होती. योगेंद्र खाली मान घालून बसला होता. कमलबाईंचे डोळे लाल झाले होते. त्या तिला हाताला धरून बाहेर गॅलरीत घेऊन गेल्या.

"दिपमाला, आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. वरचा मजला मी पुनमच्या नावावर करतेय."

"वाटलंच मला! कधीपासून ठरलं होतं हे?"

"आत्ता ठरलं. सकाळपर्यंत तो तुझ्याच नावावर होणार होता."

"म्हणजे?"

"पुनमचं लग्न जमत आलं होतं गं. गावात बोभाटा नको म्हणून बघायचं इथे ठेवलं होतं. मुलगा तयार होता, फोटो पसंत होता, ती सासरी गेली की वर तूच राहणार होतीस. पण मुलाची आई सकाळी समुद्रावर एकटीच चक्कर मारून आली आणि एकदम नको म्हणाली. आता कुठे जाईल ही पोर? शिरपूरच्या आहेत त्या, कुंदाबाई म्हणून."