एवढं मोठं तळं

"दुसऱ्याच्या चुलीचा धूर आपल्या नाकात आला ना पोरी, तर समजायचं, आपण फार जवळ उतरलो."

ग्लेनिसच्या वडिलांचा आवाज खर्जातला होता. ती तेव्हा फ्रॉकातली पोर होती, आणि ट्रकच्या पाठीवर तंबूची गुंडाळी असायची. वडील जाऊन किती काळ लोटला, पण पाण्याकाठी मुक्काम पडला की तो आवाज अजून तिच्या कानात उठायचा.

आज तर शेजाऱ्याच्या चुलीचा धूर नाकात नव्हता, थेट चहाच्या कपात उतरत होता.

"डेस," ती नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढ."

डेस गाडीमागे जोडलेल्या कारवानचे, त्यांच्या चाकांवरच्या घराचे, टेकू खाली सोडत होता. हँडल दोनदा फिरवायचा, थांबायचा, तळ्याकडे बघायचा, पुन्हा फिरवायचा.

"का? काय झालं?"

"काय झालं? अरे, डोळे उघड! एवढं मोठं तळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिटपाखरू नाही. फुकटची जागा, अडवायला कुणी नाही. आणि तू उतरलास कुठे? त्या माणसाच्या दोरीवरच्या चड्ड्या मला इथून मोजता येतायत."

"मग नको मोजूस."

तिने कप खाली आपटला. शेजारच्या जुन्या कारवानखालून लालसर कुत्रा भुंकत बाहेर आला. आत कुणीतरी खिडकीचा पडदा सर्रकन ओढला.

तळं निवांत पडलं होतं. पाण्यात बुडून वाळलेल्या झाडांची खोडं वर आली होती, आणि खोडाखोडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. एका खोडावर एकच. शेजारचं खोड मोकळं.

"बघ, त्या पाखरांनासुद्धा रीत कळते," ती म्हणाली. "परवा नदीकाठी असंच. त्याआधी गव्हाच्या कोठारांमागे असंच. ती बिचारी बाई केस धूत होती, आणि तू तिच्या बादलीपाशी गाडी उभी केलीस. बादलीपाशी, डेस!"

"सावली होती तिथे."

"आणि इथे? इथे कसली सावली आहे? या माणसाची?"

डेस हँडल फिरवत राहिला. त्याच्या या गप्प राहण्यानेच तिला जास्त चीड यायची. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दुसरं टोक असतं.

ती जवळ गेली. आवाज उतरला, पण धार तशीच राहिली. "निघताना कोण म्हणालं होतं? तूच ना? आपण दोघं असू, पाणी असेल, तिसरं कुणी नको. आता जिथे जातो तिथे तुला परक्यांची सोबत लागते. माझा कंटाळा आला असेल तर तसं सांग. मी आत रेडिओ लावून बसते."

"काहीतरीच बोलू नकोस, ग्लेन."

"मग काय ते सांग."

तेवढ्यात शेजारचा माणूस हातात चहाचा मग घेऊन आला. दाढी पांढरी, पाय अनवाणी.

"काय दोस्ता," तो डेसला म्हणाला, "पलीकडचा किनारा ओला आहे वाटतं?"

डेस कसनुसा हसला.

"मी वॉरिक. हा रस्टी. चावत नाही, पण गर्दी झाली की त्याचं डोकं फिरतं." वॉरिकने एक घोट घेतला. "माझंही."

ग्लेनिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माफ करा. निघालोच आम्ही. त्या लांबच्या निलगिरीपाशी जातो."

"अहो, तसं काही नाही…"

"तसंच आहे," ती म्हणाली, आणि तरातरा जाऊन गाडीत चालकाच्या जागेवर बसली. मागे कारवान जोडलेली असताना तिने ही गाडी कधी चालवली नव्हती. तिने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरलं, कारवान कण्हल्यासारखी हलली, मागे काहीतरी करकरलं.

"ग्लेनिस! टेकू खाली आहेत!"

डेस धावला. कितीशी धाव ती, कारवानच्या मागच्या कोपऱ्यापासून गाडीच्या दारापर्यंत. पण दाराशी येऊन त्याने खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली, मान खाली घातली, आणि तो धापा टाकत राहिला.

तिने इंजिन बंद केलं. "मग उचल ते टेकू."

त्याने मान हलवली. नाही.

"उचल म्हणते ना! हसं करून ठेवलंस आपलं."

"नाही उचलणार."

वॉरिकने हातातला मग जमिनीवर ठेवला. धावत जाऊन आपली खुर्ची आणली आणि डेसच्या मागे मांडली. डेस तिच्यात टेकला. ओठांभोवती त्याचा रंग राखेसारखा झाला होता. ग्लेनिस गाडीतून उतरली. तिचा राग अजून ओठांवर होता, पण आता त्याला पुढे जायला वाट नव्हती.

"डेस?"

तो तिच्याकडे बघेना. श्वास जमवत, एकेक शब्द वेचत बोलला.

"मागे मिल्ड्युरा गावात थांबलो, तेव्हा मी टायर दाखवायला गेलो नव्हतो. डॉक्टरकडे गेलो होतो. हृदय थकलंय म्हणाला. घरी जा म्हणाला. तुला सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तू गाडी माघारी फिरवायला लावली असतीस. आणि मला अजून थोडं बघायचं होतं, तुझ्याबरोबर." तो थांबला. "इथे फोन लागत नाही. कारवान जोडलेली गाडी तुला चालवता येत नाही. मला काही झालं, ग्लेन, तर तुझी हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर एखादं माणूस असावं. जागा शोधताना मी तेवढंच बघतो."