शंखाआधी थांबणारी गाडी

संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की सामोआतल्या त्या गावात गाडी जागच्या जागी उभी करायची, हा नेमच. लागीची जुनी छोटी गाडी मात्र शंखाच्या क्षणभर आधीच थांबायची. गिअर आपोआप सुटायचा.

लागीने तेल बदललं, मग अख्खा गिअरबॉक्स बदलला. तरी तेच.

"पोरी, तुझ्यापेक्षा तुझी गाडीच देवाला जास्त भिते!" शंख फुंकणारे फेतूकाका हसायचे.

आज ती नीरफणस घेऊन भर दुपारी निघाली. काकांच्या दारासमोरच गिअर सुटला. इंजिन घरघरत राहिलं, चाकं हलेनात.

"काका, आत्ता कसली हो प्रार्थना?"

काका हसले नाहीत. मांडीवरच्या शंखाचं तोंड त्यांनी दोन्ही तळव्यांनी घट्ट दाबून धरलं होतं.

आणि शंख वाजला.